दाराकडे तोंड करून बसणारे दोघे

पाइक्सफोर्ड गावात तुरुंगात नोकरी केलेला माणूस ओळखायला फार अक्कल लागत नाही. खाणावळीत शिरला की तो आधी पुढचं दार बघतो, मग मागचं बघतो, मग आतली माणसं मोजतो आणि मग भिंतीला पाठ लावून बसतो. खायला काय आहे ही चौकशी त्यानंतर. शर्ट त्याने कधी खोचलेला नसतो, कारण शर्टाखाली कमरेला पिस्तूल असतं. नोकरीतल्यांच्या असतं, तसंच निवृत्त झालेल्यांच्याही असतं. अमेरिकेत कायद्यानेच तशी मुभा आहे. वर्षातून एकदा नेमबाजी करून दाखवायची, कार्ड नवं करून घ्यायचं, की पुढचं वर्षभर मोकळे.

डेलबर्ट डुप्री त्यातलाच. गाव त्याला डेल म्हणायचं. टेकडीवरच्या सरकारी तुरुंगात सत्तावीस वर्षं काढली, निवृत्त होऊन अकरा झाली, वय एकाहत्तर. गुडघे गेले, बायको गेली, केस तर कधीच गेले. पण पिस्तूल कमरेवरून हललं नाही. सकाळी उठला की आधी पट्टा, मग कॉफी. मिशीला कात्री लावायला न्हाव्याकडे गेला तरी अंगावरच्या कापडाखाली एक हात कमरेशी.

त्याची बायको लॉरेट होती तोवर तिचा एकच नियम होता: जेवणाच्या टेबलाशी ते नको. मग तो ते पावाच्या डब्यावर ठेवायचा आणि जेवताना दर दोन घासांनी तिकडे बघायचा. "त्याला पण वाढू का?" असं लॉरेट विचारायची. ती गेली आणि तो नियमही गेला. आता टेबलाशी तो आणि पिस्तूल, दोघंच जेवत होते.

हे असं का, हे त्याला विचारलं तर तो हॅस्केलचं नाव सांगायचा. हॅस्केल नावाचा एक कैदी होता. डेलने त्याच्या गादीतून सुरा काढला, तेव्हा तो शांतपणे म्हणाला होता, "डुप्रीसाहेब, तुमच्या घरासमोर लाल टपालपेटी आहे ना? छान आहे." बस, एवढंच. ना शिवी, ना धमकी. डेलने त्याच संध्याकाळी पेटीला हिरवा रंग फासला, पण मनात बसलेलं ते काही गेलं नाही. पुढे हॅस्केल तुरुंगातच मेला. तेव्हा डेलने बातमी दोनदा वाचली, घडी करून ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टा चढवला.

मुलीशी, नोरीनशी, यावरूनच बिनसलं. ती तीन तासांच्या अंतरावर राहते, दोन लहान मुलं. चार वर्षांपूर्वी नातवाच्या वाढदिवसाला डेल ॲपल पायचा डबा घेऊन तिच्या पायरीवर उभा राहिला, तर ती दारातच त्याच्या कमरेकडे बघत म्हणाली, "बाबा, ते गाडीत ठेवून या."

"गाडीत ठेवून काय उपयोग? गाडी लढणार आहे का?"

"कुणाशी लढायचंय? माझ्या सासूशी?"

तो हसला नाही. ती पण हसली नाही. डबा तिच्या हातात देऊन तो तसाच मागे फिरला, तीन तास गाडी हाकत घरी आला. हट्टी माणूस! पुढे नाताळात फोन होत राहिले, पण 'या' असं ती म्हणाली नाही आणि 'येतो' असं हा म्हणाला नाही.

राहता राहिला रॉइस.

रॉइस लाबंबार्ड त्याच्याच तुकडीतला, एकाच वर्षी लागलेले, एकाच महिन्यात निवृत्त झालेले. अंगाने आडवा आणि बोलायला पक्का. निवृत्तांनी पिस्तूल बाळगावं की नाही यावर गावात वाद निघाला की रॉइस उठून उभाच राहायचा. "पोलीस चोर पकडतात आणि आमच्याकडे टाकून घरी जातात," तो म्हणायचा. "आम्ही त्याच्याबरोबर वीस वर्षं राहतो. त्याला स्वतःच्या आईचा चेहरा आठवत नाही, आमचा पाठ असतो. मग पोलिसाला मुभा आणि आम्हाला काय, शिट्टी?" संघटनेच्या सभेत या वाक्याला टाळ्या पडल्या होत्या. डेलने तर इतक्या वाजवल्या की हात लाल झाले.

दर मंगळवारी सकाळी दोघं कॅनडाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या खाणावळीत नाश्ता करत. निवृत्त झाल्यावरच्या पहिल्या मंगळवारी तिथे मोठाच पेच पडला. दोघांनाही भिंतीची जागा हवी. टेबलाला भिंत एकच. "तू बस," "नाही, तू बस," असं म्हणत दोघं नाही म्हटलं तरी दहा मिनिटं उभेच. शेवटी बर्नी, म्हणजे तिथली वाढणारी, लॉरेटच्या वर्गातली, ओरडली, "अरे, बसा ना एकाच बाकावर, नवरा-नवरीसारखे! माझी अंडी गार होतायत."

तर ते बसले. हसू नका, अकरा वर्षं तसेच बसले. नशिबाने डेल डावखुरा, त्यामुळे तो डाव्या अंगाला, रॉइस उजव्या अंगाला, आणि दोघांचेही कामाचे हात मोकळे. समोरची खुर्ची रिकामी. दोघं दाराकडे बघत खायचे आणि दाराकडे बघतच बोलायचे. मासे, थंडी, बंद पडायला आलेला तुरुंग, कोण मेलं. दारावरची घंटी वाजली की दोघंही बोलता बोलता थांबायचे. आत बहुधा पाववाला असायचा. मग पुढे सुरू.

डेलला आठवड्यात तेवढंच बोलणं. बाकीचे सहा दिवस त्याच्या घरात फ्रीजचा आवाज ऐकू यायचा.

त्या वर्षी जूनमध्ये रॉइसची कुत्री गेली. टिली नाव तिचं, चौदा वर्षांची. रॉइसची बायको फार पूर्वीच सोडून गेली होती, मुलगी ओहायोत. घरात काय ती टिली. रॉइसने ते दाराकडे बघत सांगितलं. डेलने दाराकडे बघत विचार केला आणि म्हणाला, "दुसरी आण."

"हं," रॉइस म्हणाला. विषय तिथे संपला.

सप्टेंबरात नेमबाजीचा दिवस आला. गावाबाहेर खडीच्या खाणीत मैदान आहे. कोलेट ट्रॉम्बली ते बघते. ती बंदुकांचं दुकान चालवते आणि निवृत्तांची परीक्षाही तीच घेते. एके काळी या दिवशी वीस-पंचवीस जण जमायचे, मिशिगन, म्हणजे मांसाचा रस्सा घातलेले हॉटडॉग खायचे, एकमेकांच्या पोटावरून एकमेकांना चिडवायचे. यंदा पाच आले. त्यातला एक काठी टेकत. डेल कसाबसा पास झाला. डाव्या हाताला हल्ली कंप होता. रॉइसच्या साऱ्या गोळ्या मात्र मधोमध, मुठीएवढ्या जागेत. कोलेट म्हणाली, "रॉइस, तू अजून पोरांना शिकवशील."

रॉइस नेम मारलेल्या कागदाकडे बघत राहिला. एरवी तो कागद सगळ्यांना दाखवायचा आणि घडी करून खिशात ठेवायचा; या वेळी काहीच केलं नाही. गाडीशी आल्यावर डेलला म्हणाला, "माझं बर्फात भोक पाडायचं यंत्र ने तू. ते पेट्रोलवालं. आणि झोपडी पण ने, तळ्यावरची."

"का रे? या हिवाळ्यात मासे नाही धरायचेत?"

"कंटाळा आला."

डेल खूष झाला! खोटं कशाला सांगा, ते यंत्र त्याच्या कधीपासूनच मनात होतं. त्याने ते गाडीत टाकलं आणि वाटेत शीळ घालत घरी आला. सत्तावीस वर्षं कैद्यांवर नजर ठेवलेला माणूस हा. कुणी आपला रेडिओ, आपल्या चपला, आपले फोटो वाटायला लागला की त्याला एकटं सोडायचं नाही, हे नव्या शिपायांना त्यानेच शिकवलेलं. पण ते आतल्या माणसांबद्दल होतं. रॉइस काय, आपलाच माणूस.

ते त्याच्या ध्यानात आणून दिलं बर्नीने. पुढच्या मंगळवारी रॉइस निघून गेल्यावर तिने डेलला बाहीला धरून थांबवलं.

"अरे डेल, तू त्याचं तोंड बघितलंस का?"

"कुणाचं?"

"कुणाचं म्हणजे? रॉइसचं! महिना झाला, अंडी रुमालात गुंडाळून खिशात घालतो. मला वाईट वाटू नये म्हणून ताटली रिकामी करतो. मागच्या मंगळवारी कॉफी ओतताना मी म्हटलं, कसा आहेस, तर डोळ्यांतून पाणी आलं त्याच्या. आवाज नाही, काही नाही. नुसतं पाणी. तू शेजारी बसून टोस्टला लोणी लावत होतास."

"मला दिसलं नाही."

"कसं दिसेल? तुम्ही दोघं दाराकडे बघता. मी तुमच्याकडे बघते." तिने त्याची बाही सोडली. "आणि त्याच्या कमरेला ते आहे. मला भीती वाटते रे."

डेल गाडीत जाऊन बसला. ते यंत्र अजून मागेच पडलेलं होतं. त्याने आरशातून त्याच्याकडे बघितलं. मासे धरायचा कंटाळा! मूर्खा, मूर्खा, असं तो स्वतःलाच मोठ्याने म्हणाला, आणि गाडी वळवून थेट रॉइसच्या घरी गेला. रॉइसने दार उघडलं नाही. आतून म्हणाला, "ठीक आहे मी. झोपलोय. उद्या नाश्त्याला भेटू हवं तर."

उद्या बुधवार होता. अकरा वर्षांत ते बुधवारी कधी भेटले नव्हते. डेल आपल्या गाडीतच बसून राहिला, दिवसभर आणि मग रात्रभर, रॉइसच्या घरातला दिवा बघत.

सकाळी रॉइसची गाडी निघाली तसा हाही मागोमाग गेला; तो पोचेपर्यंत रॉइस बाकावर बसला होता. डेल आत आला, सवयीने बाकाकडे वळला, थांबला, आणि समोरची खुर्ची ओढून तिच्यावर बसला. दाराला पाठ करून.

"काय रे," रॉइस म्हणाला, "वाट चुकलास का?"

"इथेच बसतो आज."

"तुझ्या पाठीमागे दार आहे."

"ठाऊक आहे. तू बघ ना दाराकडे. दोघांनी कशाला बघायचं?"

त्याने रॉइसकडे नीट बघितलं. गाल बसलेले, दाढी अर्धी राहिलेली, डोळे आत गेलेले. हा माणूस एवढा म्हातारा झाला कधी? शेजारी बसून ऐकू यायचा तो आवाज तर तोच होता, तोच. डेलला पाठीमागे अख्खी खाणावळ उघडी पडल्यासारखी वाटत होती. तेवढ्यात घंटी वाजली. त्याचा डावा हात आपोआप शर्टाखाली गेला.

"कोण आहे?"

"पाववाला," रॉइस म्हणाला. "बस गप."

डेलने हात वर घेतला, टेबलावर ठेवला. 

"रॉइस, सरळ विचारतो. जीव द्यायचा विचार आहे का तुझा?"

रॉइसने कॉफीत साखर घातली, ढवळली, परत घातली. बर्नी पलीकडे फडका हातात धरून उभी होती, तशीच राहिली.

"विचार कसला," तो म्हणाला. "ठरलंच होतं. टिली गेली त्या रविवारीच. मग म्हटलं, परवा मंगळवार आहे. हा येऊन बसेल एकटा, येड्यासारखा, दाराकडे बघत. तेवढा मंगळवार होऊ दे. तो झाला की पुढचा यायचा. असं चाललंय."

"जूनपासून?"

"जूनपासून."

"अरे गाढवा, मग बोलायचं नाहीस का!"

"तू दाराकडे बघत होतास."

"तू पण तिकडेच बघत होतास की!"

"हो ना," रॉइस म्हणाला, आणि त्याला हसू आलं, आणि मग ते हसू कुठल्या कुठे गेलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा डेलने त्याला रडताना बघितलं. काय करावं ते कळेना, म्हणून त्याने टेबलावरून हात पुढे करून त्याचं मनगट धरलं. घट्ट धरलं, बेडीसारखं.

"ते मला दे," डेल म्हणाला. "कमरेवरचं. आणि घरच्या शिकारीच्या दोन बंदुका."

"तुला देऊ? आणि तू काय करणार त्यांचं?"

"ठेवीन घरी."

"रिकाम्या घरात. शाबास!" रॉइसने नाक पुसलं. "तू पण एकटाच आहेस, डेल. लॉरेट गेल्यापासून तुझा फोन मला कधी मंगळवारशिवाय आला नाही. उद्या तुझी पाळी आली तर? मला सोडून तू जायचं, असं ठरलंय का? तू तुझं देणार असशील तर मी माझं देतो. नाहीतर हे बोलणंच नको."

"माझं वेगळं आहे. हॅस्केल..."

"हॅस्केल मेलाय. सात वर्षं झाली. याच बाकावर तू मला बातमी वाचून दाखवलीस. दोनदा."

डेल आता खोटं काय बोलणार? त्याला हॅस्केलची भीती राहिली नव्हतीच. भीती होती ती निराळी. ते कमरेवर होतं तोवर तो कुणीतरी होता, टेकडीवरचा डुप्रीसाहेब होता. ते काढलं की उरणार काय, तर कंप सुटलेल्या हाताचा एक म्हातारा, ज्याच्या घरी कुणी येत नाही. पाठीमागे परत घंटी वाजली. कोण आलं ते या वेळी त्याने विचारलं नाही.

"चल," तो म्हणाला. "कोलेटकडे जाऊ. दोघांचंही."

कोलेटने एक शब्दही विचारला नाही. दोघांची पिस्तुलं घेतली, रिकामी केली, मागच्या लोखंडी कपाटात ठेवली. मग स्वतः गाडी घेऊन रॉइसच्या घरून बंदुकाही आणल्या. दुकानाबाहेर आल्यावर डेलची विजार खालीच यायला लागली. पट्ट्याची भोकं अकरा वर्षं पिस्तूल धरून मोजलेली. एका हाताने विजार आणि दुसऱ्या हाताने रॉइसचा दंड धरून तो गाडीपर्यंत चालला.

तळ्यापलीकडच्या शहरात इस्पितळ आहे. तिथे रॉइसला तिसऱ्या मजल्यावर, मनाच्या आजारांच्या विभागात ठेवून घेतलं, तो स्वतःच 'ठेवा' म्हणाला. भेटायची वेळ दुपारी, एक तास. पहिले तीन दिवस भेट नाही. ते तीन दिवस डेलने कसे काढले ते त्यालाच माहीत. सकाळी हात कमरेकडे जायचा आणि रिकामा परत यायचा. घरात दोन खोल्यांतून तो उगाच फिरायचा. तिसऱ्या दिवशी त्याने नोरीनला फोन लावला, तर निरोप ठेवायच्या यंत्रावरचा आवाज ऐकू आला; "मी सहज केला होता," एवढंच बोलून त्याने ठेवून दिला.

चौथ्या दिवशी तो बर्नीने बांधून दिलेल्या ॲपल पायचा डबा घेऊन तिसऱ्या मजल्यावर पोचला. दार कुलूपबंद, काचेमागे एक तरुण बाई, कमरेला किल्ल्यांचा जुडगा.

"खिसे रिकामे करा. पट्टा काढून ठेवा. डबा आत जाणार नाही."

"घरचा ॲपल पाय आहे, बाई."

"काचेचं भांडं आहे. नियम आहे."

तिचा आवाज कोरडा होता, वाईट नव्हता. डेलला तो आवाज ओळखीचा वाटला आणि क्षणभराने कळलं की आपलाच आहे. न्यूयॉर्कहून नऊ नऊ तास बस करून तुरुंगात भेटीला यायच्या त्या, कुणाची आई, कुणाची बायको, हातात केकचा डबा. तो असाच म्हणायचा, नियम आहे. डेलने विजार एका हाताने धरली आणि न सांगता दोन्ही पाय फाकवून, दुसरा हात वर करून उभा राहिला. त्या बाईने अंगावरून धातू शोधायचं यंत्र फिरवलं. ते वाजलं नाही.

"पूर्वी आला आहात वाटतं," ती म्हणाली.

"नाही. तुमच्या जागी होतो."

आत रॉइस बसला होता, कागदी सपाता घालून, केस विंचरलेले. डेल त्याच्या समोर बसला. दोघांनाही समोरासमोर बसून बोलायची सवयच नव्हती. नजर ठेवायची कुठे हाही प्रश्नच.

"इथे पण गणती करतात," शेवटी रॉइस म्हणाला. "दर पंधरा मिनिटांनी एक पोरगी येते, मी आहे की नाही ते बघते, लिहून जाते."

"वैताग येत असेल."

"नाही रे." रॉइस आपल्या सपातांकडे बघत होता. "बरं वाटतं. कुणीतरी बघून जातं."

मग थोडं सुचत गेलं. टिली लहान असताना तळ्यावरच्या बर्फातल्या भोकात पडली होती ती गोष्ट निघाली. ओहायोहून त्याची मुलगी शुक्रवारी येणार होती, बहुतेक बापाला तिकडेच नेणार. "जावं म्हणतो," रॉइस म्हणाला. "जा," डेल म्हणाला. "जाच तू." आणि असं म्हणताना त्याला पुढचे सगळे मंगळवार दिसले, एकामागून एक. तो काहीतरी सांगायला पुढे झुकला, तेवढ्यात किल्ल्या वाजल्या.

"वेळ झाली," ती बाई म्हणाली.

रॉइस उठला. डेल उठला नाही. भेटीच्या दालनात सत्तावीस वर्षं 'वेळ झाली' हे शब्द तो म्हणत आला होता, आणि त्या आया, त्या बायका, त्या म्हाताऱ्या आज्या, सगळ्या एकच गोष्ट मागायच्या. त्याने एकीलाही ती दिली नव्हती.

"अजून पाच मिनिटं, बाई," डेल म्हणाला. "पाचच."

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं आणि दार उघडून धरलं.